भिवरेची वाट

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि माणसं विकत मिळायची, तेव्हाची ही गोष्ट. करंजवेळच्या खोताकडे भिवरा नावाची बटीक होती, लहानपणीच विकत घेतलेली. तिचा नवरा सटवा त्याच घरचा गुलाम. तो खोताची पालखी वाहायचा. लेक कोंडी सात वर्षांची.

एका सकाळी भिवरा भात कांडत होती. माजघरात खोतीण म्हणाली, "आमच्या लेकीच्या आंदणात कोंडीला देऊ. परवा वऱ्हाडाबरोबर जाईल."

भिवरेनं मुसळ थांबवलं नाही. थांबवलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं.

खाडीपल्याड कोळ्यांची वाडी होती, तिथं राज्य दुसऱ्याचं. मधे माणूस गिळणारा चिखल. पण रोज ओहोटीला तिसऱ्या, त्या चिखलातल्या शिंपल्या, वेचून भिवरेच्या तळव्यांना कुठं घट्ट, कुठं पोकळ, ते कळलं होतं.

"तू पोरीला घेऊन जा," रात्री सगळं ऐकून सटवा म्हणाला. "मी पालखीला दिसलो नाही तर लगेच बोंब होईल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, घर जेवून कलंडलं तेव्हा ती निघाली. पोर कडेवर, चिखल मांड्यांपर्यंत. मागून आरोळी आली, "धरा तिला!" भरतीची वेळ झाली होती. पण असं म्हणतात, ती पलीकडे टेकेपर्यंत पाणी दाराशी उभ्या पाहुण्यासारखं थांबलं, आणि मग एकदम आत आलं.

चौथ्या दिवशी कोळणीच्या वेषात, डोईवर पाटी घेऊन ती परत गेली. सटवा गोठ्यात बांधलेला होता, पाय मोडलेला.

"कशाला आलीस? पोरीला आई तरी राहू दे."

"आणि बाप नको?"

तिनं त्याला पाठीवर घेतलं. अंगणात दोन बटकी दळत होत्या. त्या ओरडतील असं भिवरेला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. जातं तसंच सोडून मागून चालू लागल्या.

त्यानंतर ओहोटी लागली की भिवरा हातातला घास टाकून काठावर जायची. पल्याडून सुटू पाहणारं कुणी हाक मारील, आपल्याला ऐकू येणार नाही, हीच धास्ती. असं म्हणतात, शेवटी जात्यावर खोतीणच बसली.

भिवरा म्हातारी झाली तेव्हा एक हाक आली. ती गेली. जिला आणायला गेली ती पोचली; भिवरा पोचली नाही. कोंडी काठावर तीन भरत्या उभी राहिली. पोचलेली बाई जन्मभर सांगायची, "काठ लागेस्तोवर माझ्या पाठीला हात होता गं."

आता पूल आहे. तरी नवरी निघाली की वऱ्हाड पुलाशी थांबतं. गावची वयानं सगळ्यांत थोरली बाई भिवरेचं नाव घेऊन विचारते, "आपल्या मनानं चाललीस ना?" नवरीनं मोठ्यानं "हो" म्हटल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. म्हातारी माणसं सांगतात, एकदा एक मुलगी "नाही" म्हणाली. वऱ्हाड तिच्याविना गेलं, आणि गावानं तिला वाजतगाजत घरी नेलं.