वैद्यबुवांच्या कोनाड्यातली हत्यारं

एका गावात एक वैद्यबुवा राहायचे. हाताला गुण फार, पण घराचं दार वीतभर उघडंच राहायचं. तेवढ्या फटीतून शेजारणीची शेळी आत शिरायची आणि वाळत घातलेला अडुळसा, गुळवेल, सगळं फस्त करायची. खोटं कशाला सांगू, शेळी शिंकायचंसुद्धा विसरली! माणसं मात्र खोकत होती आणि औषध मिळेना म्हणून पलीकडच्या गावचा वैद्य गाठत होती.

त्या गावात एक रीत होती. काम अर्धं टाकून जाणारा मिस्त्री घरात एक हत्यार ठेवून जाई, म्हणजे तो नक्की परत येणार. बुवांचं दार दुरुस्त करायला आलेला पहिला मिस्त्री हातोडी ठेवून गेला. "उद्या येतो बुवा!" दुसऱ्याने करवत ठेवली, तिसऱ्याने रंधा. कोनाडा भरला, पण परत कोणी फिरकला नाही.

चौथ्या मिस्त्रीने दाराला हातही लावला नाही. उंबऱ्याशी बसून त्याने चौकट ठोकून पाहिली.

"दार चांगलं आहे बुवा, चौकट खालून कुजलीय. घरी नवा तुकडा कोरतो आणि बुधवारी सकाळी बसवतो."

"बुधवारी? मग हत्यार ठेव आधी!"

"कोनाड्यातली बघा की. हातोडीचा दांडा निखळलेला, करवतीला दात नाहीत. कामाचं हत्यार कोण ठेवतो? अन् ठेवलं तर मी कोरू कशाने, नखांनी?"

"तिघांनी मला शेंडी लावलीय, तू चौथा नकोस!" असं म्हणत बुवांनी त्याच्या पिशवीतून लाकूड कोरायची पटाशी ओढून घेतली आणि धोतराच्या सोग्याला गाठ मारून ठेवली.

बुधवारी ऊन दारात यायच्या आत मिस्त्री हजर. खांद्यावर ओंडका.

"बघ, हत्यार अडकलं की माणूस कसा धावत येतो!" बुवा खूश झाले.

"माणूस आला बुवा, तुकडा नाही आला. पटाशी तुमच्या सोग्यात."

दोघे भांडत असतानाच शेळी आत शिरली. पाटलांच्या आजारी आईसाठी जपलेली अडुळशाची शेवटची जुडी तिने खाल्ली आणि ढेकर दिला.

बुवांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सोग्याची गाठ सोडली.

"घे बाबा. कधी येशील ते तूच सांग."

"उद्या, धारा काढायच्या वेळेला."

दुसऱ्या दिवशी धारा निघत होत्या तेवढ्यात तो आला आणि चौकट बसवून गेला. शेळी सवयीने धावत आली, दारावर आपटली आणि पहिल्यांदाच शिंकली.

तेव्हापासून बुवांच्या घरचा खिळासुद्धा दुसऱ्या कोणी ठोकला नाही. पुढे एकदा मिस्त्री दारात आला. "बुवा, बायकोचा खोकला थांबेना. घरी येता का?"

बुवा पानाला चुना लावत होते. म्हणाले, "उद्या येतो."

मिस्त्रीने शांतपणे बुवांचा खल उचलून काखेत मारला.

बुवांनी पान तसंच ठेवलं, पगडी चढवली आणि त्याच्या पुढे चालू लागले.

तात्पर्य: कारागिराचं हत्यार अडवून कारागीर आपला होत नाही. ज्याला शब्द पाळायला लावायचा, त्याचे हात मोकळे ठेवावेत, आणि आपलाही शब्द पाळावा.