पाठीवरचं कुरण

फार पूर्वी, म्हशी आपल्या कातडीचा तोरा मिरवायच्या तेव्हाची गोष्ट. माणदेशची काळुंद्री म्हैस कोकणात बहिणीकडे राहायला आली. तिचा नेम एकच होता, सकाळी उठून चिखलात लोळायचं. माणदेशच्या उन्हात तो चिखल वाळायचा, गोचिडांसकट गळून पडायचा आणि खाली कातडी तुकतुकीत निघायची.

"इथल्या दमट हवेत चिखल वाळत नाही गं," बहीण सोनाळ म्हणाली. "ओढ्यात डुंब आणि वाऱ्याला उभी राहा."

"आजीपासूनचा लेप आहे आमचा," काळुंद्री फणकारली आणि पुन्हा लोळली.

आठ दिवसांत लेपावर शेवाळ धरलं. खाजेनं जीव नकोसा झाला. पंधराव्या दिवशी पाठीवर गवत उगवलं आणि गावच्या शेळ्या तिच्या मागेमागे फिरू लागल्या. आपलं रूप बघायलाच येतात, असं वाटून काळुंद्री खाज विसरून ऐटीत चालू लागली. तेवढ्यात एक करडू टुणकन तिच्या पाठीवर चढलं आणि निवांत चरू लागलं.

काळुंद्री थांबली. मान वळवून तिनं आपल्या पाठीकडे पाहिलं.

"ओढा कुठं आहे गं?" तिनं हळूच विचारलं.

"करडालाच विचार," सोनाळ हसू दाबत म्हणाली. "पोट भरलं की पाणी प्यायला तिकडेच जाईल ते."