दफनविधीनंतरची भाकरी

गोदाकाठच्या चिंचठाण गावी ख्रिस्ती मंडळींची लहानशी आळी होती आणि तिथल्या मातीच्या प्रार्थनामंदिरामागे, गावोगाव उपदेश करत फिरणारे शांतवन महाराज राहत. प्रभूच्या पुनरुत्थानावर महाराजांची निष्ठा अशी, की प्रभूविषयी ते 'होते' असे कधी म्हणतच नसत, 'आहेत' म्हणत. या निष्ठेचे साऱ्यांना मोठे कौतुक. शेजारच्या सलोमीबाईंना मात्र तिचा तापच जास्त, कारण महाराजांची निष्ठा जागी झाली की चूल सलोमीबाईंना पेटवावी लागे.

प्लेगचे साल होते. उंदीर पडू लागले तसा सारा गाव घरे सोडून माळावर झोपड्यांत आला. ज्यांना आधीच गाठ आली होती, ते मागे राहिले. त्यांत मंडळीचे पंच एलीयाराव यांची म्हातारी आई होती, गोजराआजी.

एलीयाराव म्हणजे बडे प्रस्थ. उपासनेत 'मेलेले पुन्हा उठतील' हे शब्द आले की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. पाळकसाहेब या गावी क्वचितच येत. या खेपेस ते घोड्यावरून माळावर आले, तेव्हा एलीयारावांनी विचार केला, म्हातारी काही आता वाचत नाही. गेली की पाळक कुठून आणायचा? म्हणून त्यांनी आईची दफनाची उपासना आधीच उरकून घेतली. पाळकसाहेब का-कू करत होते, पण पंचांपुढे कोण बोलणार? गीत झाले, प्रार्थना झाली, कुणी कुणी डोळेही पुसले. आणि म्हातारी तिकडे गावात पाण्यावाचून तळमळत होती!

दुसऱ्या दिवशी महाराज फिरतीवरून परतले. घडले ते ऐकले आणि सरळ सलोमीबाईंच्या चुलीपाशी येऊन बसले.

"बाई, गोजराआजीसाठी भाकरी टाका."

सलोमीबाई कातावल्या. पीठ तळाला गेलेले, सरपण ओले, धुराने डोळे चुरचुरत होते. "महाराज, म्हातारीची उपासना झाली. कालच गाणं म्हणून आले मी."

"उपासनेत शेवटी काय म्हटलंत?"

"मेलेले उठतील म्हणून."

"मग उठल्यावर भूक लागायचीच. प्रभू उठले तेव्हा त्यांनीसुद्धा शिष्यांकडे खायला मागितलं."

आता अशा माणसाशी भांडायचे तरी कसे? बाईंनी परात आदळली. विश्वास यांचा आणि हात भाजायचे माझे, असे पुटपुटत त्यांनी भाकऱ्या थापल्या. थापल्या मात्र मन लावून.

महाराज आणि बाई झोपड्यांपुढून निघाले, तेव्हा एलीयारावांनी टोपली पाहिली. "काय गं सलोमी, मढ्याला न्याहारी का?" भोवतालचे लोक हसले. "मेलेले शेवटच्या दिवशी उठणार आहेत, महाराज. आज नव्हे. गावात पाऊल टाकलंत तर परत माळावर घेणार नाही, सांगून ठेवतो."

सलोमीबाईंना परतीची वाट बंद झालेली दिसली. म्हणजे आता त्या ओस गावात गाठीची वाट बघत बसायचे. महाराज तर केव्हाच पुढे निघाले होते, मागे वळूनसुद्धा बघत नव्हते. टोपली सावरत बाई त्यांच्या मागे चालू लागल्या आणि वाटभर देवालाच बोल लावत राहिल्या. "उठवायचीच होती म्हातारी, तर पाळकासमोर उठवायची होतीस. मला कशाला हा जाच?"

दार ढकलले तो काय, गोजराआजी भिंतीला टेकून बसलेली. गाठ फुटून वाहून गेली होती, ताप उतरला होता आणि उशाशी पाण्याने भरलेला तांब्या होता.

"लई उशीर केला गं," आजी म्हणाली. "त्यो मानूस म्हनला, भाकरी निघालीया, धीर धर."

"कोण माणूस?" बाईंनी विचारले. गावात तर चिटपाखरू नव्हते.

"वळखीचा न्हाई बाई. पानी पाजलं, त्वांड पुसलं. पर हातांना केवढाल्या जखमा गं त्याच्या, पार आरपार. कुनी फडकंबी बांधलं नव्हतं."

सलोमीबाईंनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी तिथेच जमिनीला डोके टेकले होते. वाटभर आपण ज्याला बोल लावत आलो, तो आपल्या आधी इथे येऊन पाणी पाजून गेला, हे बाईंना उमगले आणि त्यांना रडू आवरेना. आजीने मात्र भाकरी मोडली, एक घास खाल्ला आणि मीठ विसरलीस म्हणाली.

तेव्हा बाई डोळे पुसून माळाच्या कडेला गेल्या आणि हाळी दिली, "पंच, तुमची आई जेवायला बसलीय."

एलीयाराव संतापून आले ते खोटेपणा उघडा पाडायला. उंबऱ्यातच त्यांचे पाय थबकले. आईने मान वर करून पाहिले.

"आलास व्हय रं? जेवलास का?"

एवढेच. या आईवर आपण काल जिवंतपणी माती लोटली, हे त्या शब्दांनी त्यांच्या काळजात रुतले. ते तिच्या पायांवर कोसळले. मग महाराजांकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं मी 'मेलेले उठतील' हे नुसतं तोंडाने म्हणत आलो, महाराज. मला क्षमा करा."

"रडून झालं की घागर घ्या," महाराज म्हणाले. "पलीकडच्या घरांतूनही कण्हणं ऐकू येतंय."

एलीयारावांनी घागर खांद्यावर घेतली. दाराशी सलोमीबाई उरलेल्या भाकऱ्या बांधून उभ्या होत्या. माळावर ज्यांना हसले होते, त्यांच्यापुढे पंचांनी मान खाली घातली.

"सलोमीबाई," ते म्हणाले, "आधी कुणाच्या घरी जायचं?"