धाकटीची वाटी

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका राज्यात नदीकाठच्या गावी दोन जावा राहत होत्या. सारं गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

दोघींच्या हातचे गव्हले राज्यात नावाजलेले. रव्याच्या पिठाची एवढीशी गोळी अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत वळायची, की गव्हाच्या दाण्यासारखा गव्हला ताटात पडायचा. लग्नघरी या गव्हल्यांची खीर होत असे. राजवाड्यात लग्न निघालं, की मुहूर्ताचे पहिले पाच गव्हले वळण्याचा मान थोरलीचा. त्या मानावर तिचा भारी जीव. तो मान आज ना उद्या धाकटी पळवणार, या भीतीनं ती तिला कायम पाण्यात पाहायची.

एका वर्षी धाकटीला आमवातानं धरलं. बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ मिटेना, भाकरीचा तुकडा मोडेना. थोरली तोंडानं म्हणाली, "अगं बाई, हे काय झालं!" मनात म्हणाली, बरं झालं. वाईट वाटलं तरी खरं ते सांगायला हवं.

धाकटी नदीपलीकडच्या वैद्यबुवांकडे गेली आणि दर महिन्याला जात राहिली. सहा-सात महिन्यांत तिची बोटं पुन्हा झरझर चालू लागली. इकडे थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

नुसतं पोटच दुखतं तर भागलं असतं. पुढच्या वर्षी तिचीही बोटं सुजली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? होडीत बसून वैद्यबुवांकडे गेलं असतं. पण थोरलीच्या डोळ्यांपुढे गाव उभं राहिलं. गाव म्हणणार, धाकटीनं वाट दाखवली म्हणून थोरली बरी झाली. हे ऐकण्यापेक्षा बोटं दुखलेली तिला परवडली असती.

दोघींच्या ओसऱ्यांमध्ये कुडाची भिंत होती आणि त्या भिंतीला एक भोक होतं. ते कुणी पाडलं, हे विचारू नका. रोज सकाळी थोरली त्याला डोळा लावून बसायची. धाकटी हातात वाटी घेऊन ओसरीवर यायची, वाटीत आल्याचा रस आणि मध घालून कालवायची आणि चाटून टाकायची. मग गरम पाण्यात हात शेकायची, निर्गुडीचा पाला बांधायची.

"एवढंच होय!" थोरली स्वतःशी म्हणाली. "आणि नदीपलीकडे जाते ती नुसती मिरवायला."

तिनंही मध, आलं, शेक, पाला सुरू केला. धाकटीनं एक चमचा मध घेतला, तर हिनं दोन घेतले. शेकल्यावर घटकाभर बरं वाटायचं. मग ठणका पुन्हा सुरू व्हायचा आणि ती पाला आणखी घट्ट बांधायची.

एक दिवस पाणवठ्यावर धाकटीनं तिचे हात पाहिले.

"जाऊबाई, सांधे किती सुजलेत तुमचे! माझ्याबरोबर वैद्यबुवांकडे चला."

"मला काही धाड भरलेली नाही," थोरली फणकारली. "उन्हानं सूज आली असेल."

धाकटीनं पुढेही दोनदा विचारलं. दोन्ही वेळा थोरलीनं नाक मुरडलं. असं वर्ष गेलं.

मग राजकन्येचं लग्न ठरलं. वाड्यात बायका जमल्या. पाहुण्यांत वैद्यबुवाही होते. राणीनं पिठाचा गोळा थोरलीपुढे ठेवला.

"मुहूर्त भरत आलाय. तुमच्या हातानं होऊ द्या."

थोरलीनं पीठ घेतलं. अंगठा हलला, बोट हललं, पण दोन्ही एकमेकांना भेटेनात. बोटं करंगळीच्या बाजूला वाकून बसली होती. गोळी निसटून ताटात पडली. दुसरीही पडली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"या सटवीनं फसवलं मला!" ती धाकटीकडे पाहून ओरडली. "वर्षभर मी हिच्यासारखंच सगळं केलं. मध, आलं, पाला, सगळं हिच्या दुप्पट!"

धाकटी थक्क झाली. "पण जाऊबाई, तुम्ही मला कधी विचारलंत?"

वैद्यबुवा पुढे आले. "बाई, मधात आणि रसात काय घालत होता?"

"त्यात आणखी काय घालायचं?"

"अहो, मध आणि आलं हे अनुपान झालं. औषध ज्यातून घ्यायचं ते. औषध कुठाय?"

"पुडी मी आत देवघरात ठेवते," धाकटी हळूच म्हणाली. "ओल लागू नये म्हणून. तिथंच वाटीत घालून मग बाहेर येते."

वैद्यबुवांनी थोरलीचा हात हातात घेतला.

"शेक वाईट नाही, पालाही वाईट नाही. त्यानं दुखऱ्या हाताला आराम पडतो. पण आतून सांधे पोखरणारा रोग थांबवायला औषधच लागतं. उद्यापासून घ्या. सूज उतरेल, ठणका थांबेल. वाकलेली बोटं मात्र आता सरळ व्हायची नाहीत. वर्षापूर्वी आला असतात तर..."

मुहूर्त टळू नये म्हणून राणीनं ताट धाकटीपुढे सरकवलं. धाकटीनं पाच गव्हले वळले. थोरलीनं ते पाचही, न पाहवत असून, पाहिले.

खीर झाली. थोरलीला वाटी धरता येईना. तेव्हा धाकटी उठून तिच्याजवळ बसली आणि एकेक चमचा करून तिनं जाऊबाईंना खीर भरवली. खीर गोड होती. थोरलीला सगळ्यात जास्त तेच झोंबलं.

तात्पर्य: हेव्यानं नक्कल करता येते, पण बरं व्हायचं असेल, तर विचारावं लागतं.