सरांच्या नाकापर्यंतचा गोळा

भौतिकशास्त्र शिक्षकांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलाखती प्रयोगशाळेत चालल्या होत्या. शाहीन मुजावरची गुणपत्रिका पाहून विभागप्रमुख डॉ. गुर्जरांनी नाक मुरडलं.

"इथं प्रथम श्रेणी लागते. तुमच्यासारख्यांना नियम नुसते पाठ असतात, कळलेले नसतात."

शाहीननं छताला टांगलेला लोखंडी गोळा ओढून त्यांच्या नाकाला टेकवला. "सर, हा नुसता सोडला तर परत येताना इथून पुढं येणार नाही ना?"

"शाळेतली पोरंही सांगतील."

"मग हलू नका."

तिनं गोळा सोडला. तो लांब गेला आणि फिरून थेट तोंडावर येऊ लागला. किंचाळून सर टेबलाखाली शिरले.

सरांचं नाक होतं तिथून बोटभर अलीकडेच गोळा माघारी फिरला.

शाहीन टेबलाखाली वाकली. "सर, तुम्हाला प्रथम श्रेणीच होती ना?"