टिचकीचा शेपट्या दिसेना

ऐका बरं का, पाय न हलवता ऐका!

एक होती बेडकी. नखाएवढी. नाव टिचकी. तिला एक धाकटा भाऊ. त्याला पायच नव्हते, नुसती शेपटी. म्हणून तो शेपट्या.

एक दिवस काठावरच्या नळीतून ओढ्यात जांभळं पाणी आलं. भस भस भस! शेपट्या दिसेनासा झाला. टिचकीला रडूच फुटलं.

“ओढ्या ओढ्या, निवळ ना! शेपट्या दिसेना.”

ओढा म्हणाला, “नळी थांबली तर निवळेन.”

टुण टुण टुणुक!

“नळी नळी, थांब ना! ओढा निवळेना, शेपट्या दिसेना.”

नळी म्हणाली, “रंगाच्या हौदानं ऐकलं तर थांबेन.”

टुण टुण टुणुक!

“हौदा हौदा, ऐक ना! नळी थांबेना, ओढा निवळेना, शेपट्या दिसेना.”

हौद म्हणाला, “मालकीणबाईंनी बघितलं तर ऐकेन.”

टुण टुण टुणुक!

मालकीण गोदाबाई पुढे दुकानात बसलेल्या. बाळांच्या जांभळ्या कुंच्या विकत होत्या.

“गोदाबाई गोदाबाई, बघा ना! हौद ऐकेना, नळी थांबेना, ओढा निवळेना, शेपट्या दिसेना.”

गोदाबाई म्हणाल्या, “सर गं बाजूला! गिऱ्हाईक आलंय. ते म्हणालं तर बघेन.”

गिऱ्हाईक होती वच्छीमावशी. कुशीत इवलं बाळ. उद्या त्याचं बारसं!

“मावशी मावशी, सांग ना! गोदाबाई बघेनात, हौद ऐकेना, नळी थांबेना, ओढा निवळेना, शेपट्या दिसेना.”

“अगं बाई!” मावशी म्हणाली. “नवी कुंची ओढ्यात धुऊन मगच बाळाला घालतात. जांभळ्या पाण्यात कशी धुऊ? गोदाबाई, आधी ओढा बघा, मग कुंची घेते!”

गोदाबाई मागच्या दारी गेल्या. बघतात तर काय!

“अरे देवा! इकडे मी कधी आलेच नाही. चुकलंच माझं!”

त्यांनी पदर खोचला. खणला खड्डा. खड्ड्यात वाळू. वाळूवर कोळसा. हौदाचा रंग आता नळीत न जाता खड्ड्यातच अडकला.

मग?

गोदाबाईंनी बघितलं, हौदानं ऐकलं, नळी थांबली, ओढा निवळला,

आणि शेपट्या दिसला!

“हुश्श! सापडलास रे बाबा!” टिचकी म्हणाली. “किती घाबरले मी!”

“ताई, मी इथंच होतो. हे बघ!”

शेपट्याला पाय फुटले होते. एक नाही, चांगले दोन!

मावशीनं कुंची धुतली. खळ खळ खळ! बारशाला सगळ्या बायका म्हणाल्या, “आम्हालाही गोदाबाईंचीच कुंची हवी!”

टिचकीनं उडी मारली. टुण टुण टुणुक!

शेपट्यानंही मारली. टुण टुण... धप्प!