काटेसावरीची साल

एका रानात, ओढ्याकाठच्या काटेसावरीखाली बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेले. बाळांनो, सावरीच्या खोडालाही काटे असतात, तुम्ही पाहिले असतील. तेवढ्यावरून साळूने परस्पर नातेच जोडून टाकले होते. "सावरीबाई, तुलाही काटे, मलाही काटे. आपण दोघी एकाच माहेरच्या!" असे ती येता-जाता म्हणे. सावरीलाही ते आवडे. तिच्या मुळांनी साळूच्या बिळाचे छत घट्ट धरून ठेवले होते.

एका उन्हाळ्यात रानातले कंद संपले. उपाशी साळूने सावरीची साल कुरतडली आणि ती तिला गोड लागली.

"खा गं," सावर म्हणाली, "पण एकाच बाजूची खा. चहूकडून सोललीस तर मी जगायची नाही."

साळू खो खो हसली. "काहीतरीच तुझे! माझे काटे गळतात आणि पुन्हा नवे येतात. मी कधी रडले का? तुझीही साल येईल."

पोट भरले तरी तिचे दात थांबेनात. सावर बिचारी जागची हलणार कशी? आठ दिवसांत साळूने खोडाभोवतीची सगळी साल सोलून काढली.

साल काही परत आली नाही. पुढच्या फाल्गुनात सावर फुलली नाही, चैत्रात तिला पालवी फुटली नाही. साळू मनात चरकली, पण "आळसावली असेल" म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. तिला तेव्हा नुकतेच पिल्लू झाले होते, मऊ मऊ काट्यांचे. तिचा सगळा जीव त्याच्यात गुंतला होता.

श्रावणात चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी साळू चरून परतली, तर बीळच नव्हते. कुजलेल्या मुळांनी माती सोडून दिली होती आणि छत खाली बसले होते. ती दिवसभर उकरत राहिली. संध्याकाळी पिल्लू सापडले. ते गार पडले होते.

"सावरीबाई, काहीतरी बोल गं," ती हुंदके देत म्हणाली. "मला वाटले होते, नवी साल येते. खरेच वाटले होते."

पण सावर केव्हाच मेली होती.

तात्पर्य : आपली जखम लवकर भरते म्हणून दुसऱ्याचीही भरेल, असे धरून चालू नये, ज्याचे अंग सोलले जाते त्याचेच ऐकावे.